सगळे मनातल्या मनात मोजत होते

हुकूमशाहीत लोक गप्प का बसतात? घाबरतात म्हणून, झालं, आपण लगेच उत्तर देऊन मोकळे. पण मग तेच घाबरट लोक एका संध्याकाळी अचानक 70,000 च्या संख्येने रस्त्यावर कसे काय येतात?

पूर्व जर्मनीत 1953 ला कामगार उठले होते, ते रशियन रणगाड्यांनी चिरडलं, आणि मग पुढची 36 वर्षं तेवढं मोठं काही झालंच नाही. 70 च्या दशकापासून श्टाझी या गुप्त पोलिसांनी तर पद्धतच बदलली, सरसकट जेलमध्ये टाकण्यापेक्षा माणसाला आतून पोखरायचं. म्हणजे तुम्ही घरी नसताना आत शिरायचं, भिंतीवरची फ्रेम इकडची तिकडे करायची, डब्यातला चहा बदलायचा, चोरी मात्र काहीच नाही. आता ही तक्रार करणार कोणाकडे, लोक म्हणतील याच्या डोक्यावर परिणाम झालाय! वर दीड कोटीहून जास्त वस्तीत लाखाच्या वर खबरी, त्यामुळे शेजारीही आपल्यासारखाच वैतागलाय का हे विचारायची सोय नाही. तिमुर कुरान नावाच्या अर्थतज्ज्ञाने नेमकं हेच मांडलंय, पोटात एक ओठात एक, आणि प्रत्येकाला वाटतं आपण एकटेच.

पूर्व जर्मनीतल्याच लाइपझिग शहरात निकोलाई चर्चमध्ये दर सोमवारी प्रार्थना व्हायची, तिथून मोर्चे सुरू झाले. 9 ऑक्टोबर 1989 च्या आधी सरकारच्या बाजूने पेपरात पत्र छापून आलं होतं की गरज पडली तर हत्यार वापरू, हॉस्पिटलांत जादा रक्त आणून ठेवलेलं. तरी ते 70,000 लोक आले, बऱ्याच जणांच्या हातात मेणबत्त्या. मेणबत्ती विझू नये म्हणून दुसरा हात आडवा धरावा लागतो, म्हणजे दगड उचलायला हातच रिकामा नाही. गोळी चालली नाही. पुढच्या सोमवारी लाखाच्या वर लोक, महिन्याभरात बर्लिनची भिंत पडली.

सुझान लोमान या राज्यशास्त्राच्या अभ्यासक, त्यांनी याच मोर्चांचा अभ्यास केला. त्यांचं म्हणणं, लोक आकडा बघतातच पण कोण आलंय तेही बघतात. नेहमीचे चळवळे दिसले तर काही नवीन कळत नाही, साधी नोकरदार माणसं दिसली की हिशोब बदलतो. मला हे एकदम पटतं.

अर्थात त्याच वर्षी जूनमध्ये बीजिंगला सैन्याने गोळ्या घातल्या आणि तिथला चौक रिकामा झाला तो झालाच, त्यामुळे दडपशाही नेहमी उलटते असं कोणी म्हणू नये. लाइपझिगमध्ये मोजणी दुसऱ्या बाजूलाही चालू होती, सरकारने उभ्या केलेल्या हत्यारबंद कामगार तुकड्यांतले काहीजण त्या सोमवारी ड्युटीवर फिरकलेच नाहीत.