गोफणीतला खडा आणि सॉफ्टबॉलचा चेंडू

परभणीजवळच्या एका गावातील शाळेच्या मैदानावर मी काही वर्षांपासून सकाळच्या वेळी मुलामुलींचा सॉफ्टबॉलचा सराव घेतो. मैदान म्हणजे काळ्या मातीवर अंथरलेला मुरूम. पावसाळ्यात त्यातून चिखल वर येतो आणि उन्हाळ्यात कडेच्या भेगांमध्ये चेंडू अडकून बसतो. गेल्या हिवाळ्यात सातवीतली एक मुलगी पिचिंग, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू टाकणे, शिकू लागली. सगळा जोर हातात आणून ती चेंडू टाकायची; तो कधी फलंदाजामागे चेंडू झेलणाऱ्या कॅचरच्या डोक्यावरून जायचा, तर कधी तिच्यापासून चार पावलांवरच आपटायचा. दोन आठवड्यांत ती म्हणाली, ‘‘सर, खांदा दुखायलाय.’’ तिला न्यायला आलेले आजोबा कडेला उभे राहून हे पाहत होते. तरुणपणी शाळूच्या राखणीसाठी माळ्यावर उभे राहून त्यांनी गोफण चालवलेली होती. ते एवढेच म्हणाले, ‘‘बाई, गोफण नुसत्या हातानं फिरत नसती. आधी पाय रोवावं लागतंय.’’

त्यांच्या या वाक्यात पिचिंगचे बरेचसे भौतिकशास्त्र आले आहे. सॉफ्टबॉलमधील विंडमिल पद्धतीच्या पिचिंगमध्ये हात समोरून वर, डोक्याजवळून मागे आणि तिथून खाली असे पूर्ण वर्तुळ करतो आणि चेंडू कमरेशेजारी सुटतो. वर्तुळात फिरणारी वस्तू सुटली की ज्या क्षणी ती सुटली त्या क्षणीच्या स्पर्शरेषेने पुढे जाते, हा नियम गोफणीतल्या खड्याला आणि हातातल्या चेंडूला सारखाच लागू होतो. म्हणूनच चेंडू कुठे जाणार हे मुख्यतः तो केव्हा सुटला यावर ठरते.

ही वेळ किती नेमकी साधावी लागते, याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. मुलीच्या खांद्यापासून चेंडूपर्यंतचे अंतर ६० सेंटीमीटर आणि हाताच्या टोकाचा वेग सेकंदाला १५ मीटर, म्हणजे ताशी ५४ किलोमीटर धरला, तर त्या क्षणी हात सेकंदाला चार फेऱ्यांच्या गतीने फिरत असतो. सेकंदाच्या हजाराव्या भागात तो जवळजवळ दीड अंशाने पुढे सरकतो. पुढे पाऊल टाकल्यावर होम प्लेट, म्हणजे फलंदाजाजवळची जमिनीतली पट्टी, सुमारे १० मीटरवर उरते आणि तेवढ्या अंतरावर दीड अंशाचा फरक म्हणजे चेंडू वीतभर वर किंवा खाली. प्रत्यक्षात शरीरही पुढे सरकत असल्यामुळे हाताचा मार्ग शुद्ध वर्तुळापेक्षा थोडा सपाट होतो आणि ही चूक काही अंशी कमी होते. पण इतक्या बारीक वेळेला कोणीही विचार करून बोटे उघडू शकत नाही, हे यावरून स्पष्ट होते. ती वेळ लयीतून येते, आणि लय येण्यासाठी प्रत्येक वेळी पाऊल, कंबर आणि हात त्याच क्रमाने, त्याच अंतराने यावे लागतात. ‘नीट बघून टाक’ अशी सूचना आपण मुलांना सर्रास देतो, पण चेंडू भरकटण्याचे कारण नजरेपेक्षा बहुधा पावलात असते.

क्रमाचे महत्त्व आसुडावरून चांगले समजते. गाडीवान मुठीला थोडीच गती देतो. ती जाड भागाकडून बारीक भागाकडे जाताना वाढत जाते आणि टोकाशी इतकी होते की कडाडून आवाज उमटतो. शरीरातही आधी मोठे, जड भाग हलतात आणि त्यांची गती हलक्या भागांना मिळते. उजव्या हाताची मुलगी उजव्या पायाने पिचर प्लेटला, म्हणजे चेंडू टाकण्याच्या जागी बसवलेल्या पट्टीला, रेटा देते, जमीन तिला तेवढाच उलट रेटा देते आणि शरीर पुढे झेपावते. हात माथ्यावरून मागे उतरू लागतो त्या सुमारास डावा पाय जमिनीवर टेकतो. तो पाय तिथे घट्ट राहिला पाहिजे. भरधाव सायकलचा पुढचा ब्रेक दाबल्यावर बसणारा पुढे फेकला जातो, तसे पाय रोवल्यावर पुढे जाणाऱ्या शरीराची गती कंबरेत, कंबरेची खांद्यात आणि खांद्याची हातात उतरते. गुडघा दुमडत खाली बसला तर ती गती तिथेच मुरते आणि उरलेली कसर भरून काढण्याचे काम एकट्या खांद्यावर पडते.

आमच्या मुलीचे नेमके हेच होत होते. मोबाइलवर सेकंदाला २४० चित्रे घेणारी चित्रफीत काढली, तेव्हा चेंडू सुटतानाही तिचा गुडघा वाकतच चालला आहे हे दिसले. शिवाय पाऊल कधी सरळ रेषेवर, कधी हातभर डावीकडे पडत होते. मी हाताविषयी एक शब्दही न बोलता मुरमावर चुन्याची रेघ ओढली आणि पाऊल जिथे पडायला हवे तिथे आडवी खूण केली. ‘गुडघा ताठ ठेव, मनगट वळव’ असे स्वतःच्या अवयवांकडे लक्ष वेधणाऱ्या सूचनांपेक्षा ‘या खुणेवर पाय टाक’ अशी बाहेरच्या वस्तूकडे लक्ष नेणारी सूचना हालचाल शिकताना अधिक उपयोगी पडते, असे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे, आणि मैदानावरचा माझा अनुभवही तसाच आहे. काही प्रशिक्षक चेंडू सोडल्यावर कोपर वाकवून हात खांद्यापर्यंत उचलायला लावतात. मला ही सक्ती चुकीची वाटते. सुटलेल्या चेंडूवर त्या हालचालीचा काहीच परिणाम होत नाही, उलट तो हात उचलण्याच्या घाईत मुले चेंडू सुटण्याआधीच खांदा आवळून धरतात. कोपर किंचित वाकलेले, सैल आणि शरीराजवळ असावे, एवढे पुरे.

खांद्याविषयी मात्र सविस्तर लिहिले पाहिजे, कारण हात खालून येतो म्हणून या पद्धतीत खांद्याला त्रास नाही, असा समज आपल्याकडे पक्का आहे आणि त्यामुळे एकाच मुलीकडून सामन्यामागून सामने पिचिंग करून घेतले जाते. वरच्याच उदाहरणात मुलीचे वजन ४० किलो धरू. तिच्या एका हाताचे वजन सुमारे २ किलो असते. सेकंदाला चार फेऱ्यांच्या गतीने फिरणारा तो हात आणि त्यातला सुमारे १८० ग्रॅमचा चेंडू वर्तुळात धरून ठेवण्यासाठी खांद्याला जवळजवळ ३९ किलो वजनाएवढी ओढ सोसावी लागते, म्हणजे प्रत्येक चेंडूला ती मुलगी क्षणभर स्वतःच्या वजनाइतका भार त्या सांध्यावर घेत असते. प्रौढ पिचर्सची प्रयोगशाळेत मोजमापे घेतली तेव्हाही खांद्यावरील बल शरीराच्या वजनाच्या जवळपास आढळले आहे. त्यातच वाढीच्या वयात हाडांच्या टोकांशी असलेली कूर्चा अजून पक्की झालेली नसते. म्हणून दुखऱ्या खांद्याने एकही चेंडू टाकायचा नाही, रोजचे चेंडू वहीत मोजून लिहायचे, आठवड्यात विश्रांतीचे दिवस ठेवायचे आणि दुखणे थांबले नाही तर डॉक्टरांकडे जायचे, हे नियम मी पालकांसमोरच सांगतो. लहान हातांसाठी ११ इंच परिघाचा चेंडू वापरावा. १२ इंची चेंडू बोटांत मावत नाही आणि मग तो तळहाताने ढकलला जातो.

फटका मारतानाही गती पायांकडूनच वर येते, फक्त इथे वेळ दुसऱ्याच्या हातात असते. महिलांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांत पिचर प्लेट आणि होम प्लेट यांत १३.११ मीटर अंतर असते आणि ताशी १०० किलोमीटरने सुटलेला चेंडू सुमारे ०.४ सेकंदात पोहोचतो. क्रिकेटमधील ताशी १४० किलोमीटरच्या चेंडूपेक्षाही इथे फलंदाजाला कमी वेळ मिळतो. शालेय पातळीवर तो अर्ध्या सेकंदाहून थोडा अधिक असतो. त्यातला सुमारे ०.२ सेकंद बॅट फिरण्यातच जातो आणि साधारण तेवढाच वेळ चेंडू पाहून हालचाल सुरू होईपर्यंत लागतो. म्हणजे मारायचे की सोडायचे हे चेंडू निम्म्या वाटेवर येण्याआधीच ठरवावे लागते. शेवटच्या टप्प्यात तर चेंडूची दिशा नजरेसमोर इतक्या वेगाने बदलते की डोळे तिच्यामागे फिरू शकत नाहीत; १९८४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात व्यावसायिक बेसबॉलपटूलाही ते साधले नव्हते. त्यामुळे फलंदाजाची नजर चेंडू सुटतो त्या जागेवर, म्हणजे पिचरच्या कमरेपाशी, आधीपासूनच असली पाहिजे.

वेळ वाचवण्याचा दुसरा मार्ग बॅटमध्ये आहे. शाळेत बहुतेक वेळा एकच बॅट असते आणि ती मोठ्या मुलांच्या मापाची असते. वस्तू फिरवायला किती जड जाईल हे तिच्या वजनावर तर ठरतेच, पण ते वजन हातापासून किती लांब आहे याच्या वर्गावरही ठरते. बॅट थोडी वर धरून तिचा भार हातापासून ५० ऐवजी ४५ सेंटीमीटरवर आणला, तरी ती फिरवायला जवळजवळ एक पंचमांशाने हलकी होते. एका हाताने बॅट बाजूला आडवी धरून वीस सेकंद तोलता येत नसेल, तर मुठी वर सरकवाव्यात. हात शरीराजवळ ठेवून फिरण्यामागेही हेच कारण आहे. आधी कंबर वळते, मग खांदे आणि हात सर्वात शेवटी लांब होतात.

बॅटवर चेंडू कुठे लागावा, हे मुलांना सांगण्यापेक्षा त्यांच्या हातांना कळू द्यावे. मूठ दोन बोटांत सैल धरून बॅट लोंबकळत ठेवायची आणि चेंडूने टोकाकडून वर वर हलके ठोकत जायचे. टोकापासून साधारण १२ ते १८ सेंटीमीटरच्या पट्ट्यात एके ठिकाणी बोटांना येणाऱ्या झिणझिण्या जवळजवळ थांबतात. तिथला फटका बॅट थरथरवण्यात फारसा वाया जात नाही. आमच्या मुलीने ती जागा स्वतः शोधली आणि तिथे खडूने रेघ मारली. आता प्रत्येक चेंडूनंतर रेघ पुसली गेली का, हे ती पाहते.

मैदानाच्या कडेला कडुनिंबाखाली पाण्याच्या जुन्या पीव्हीसी पाइपवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवून आम्ही चेंडू ठेवण्याचा टी केला आहे. त्याच्यावर पंधरा-वीस फटके झाले की मी जवळून चेंडू टाकू लागतो, एक सावकाश, एक जलद, एक गुडघ्याशी, एक बाहेर, आणि पुढचा कोणता हे सांगत नाही. महाविद्यालयीन बेसबॉलपटूंवरील १९९४ च्या एका अभ्यासात असा मिसळून सराव करणाऱ्यांची प्रगती एकाच प्रकारचे चेंडू ओळीने खेळणाऱ्यांपेक्षा अधिक झाली होती. सरावाच्या सकाळी मात्र अशा चेंडूंवर चुका जास्त होतात, आणि कडेला उभ्या असलेल्या पालकांना हे आधीच सांगून ठेवावे लागते.