पश्चात्तापाने माणूस बदलतो का? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

कुणी हळहळत बसलं की ‘झालं गेलं गंगेला मिळालं’ म्हणून आपण त्याची समजूत घालतो. आणि कुणी चूक करूनही निवांत दिसला, तर ‘याला काहीच कसं वाटत नाही?’ म्हणून चिडतो. या दोन्ही प्रतिक्रियांना काही हजार वर्षांचा इतिहास आहे.

अॅरिस्टॉटलने इ.स.पू. चौथ्या शतकातच यावर बाजू घेतली होती. मोहाला बळी पडून मागाहून पस्तावणारा सुधारू शकतो. ज्याला आपल्या वागण्यात काही गैर वाटतच नाही त्याच्यावर इलाज नाही, असं त्याचं मत. बौद्ध परंपरेने मात्र झाल्या कृत्याची रुखरुख ध्यान अडवणाऱ्या पाच नीवरणांत धरली. मनुस्मृतीशी माझं अनेक बाबतींत मुळीच पटत नाही, पण तिच्या अकराव्या अध्यायातला एक भेद नेमका आहे: मनाला ताप झाल्याने माणूस पापातून सुटतो, पण ‘पुन्हा असं करणार नाही’ म्हणून मागे फिरतो तेव्हा शुद्ध होतो. हा दुसरा भागच लोक विसरतात.

1677 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘एथिक्स’ या ग्रंथात डच तत्त्वज्ञ स्पिनोझाने पश्चात्ताप हा सद्गुणच नव्हे, पस्तावणारा दुहेरी दुबळा, असं लिहिलं. हे वाक्य सगळे सांगतात. पण माणसं विवेकाने क्वचितच वागतात, म्हणून पश्चात्तापाने तोट्यापेक्षा फायदाच जास्त होतो, हेही त्याने लगेच खाली लिहिलं आहे. मला तो प्रांजळपणा मोलाचा वाटतो.

विसाव्या शतकात हा प्रश्न मानसशास्त्राकडे आला. 1982 मध्ये डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी लोकांपुढे दोन गुंतवणूकदार ठेवले. दोघांचंही नुकसान 1200 डॉलरचं. एकाने शेअर बदलायचा विचार करून बदलला नाही. दुसऱ्याने चांगला शेअर विकून वाईट घेतला. 92 टक्के लोक म्हणाले, दुसऱ्याला जास्त वाईट वाटेल. पुढे 1990च्या दशकात थॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक यांनी काळाचा धागा जोडला: केलेली चूक लगेच बोचते, पण आयुष्याकडे मागे वळून पाहताना न केलेल्या गोष्टी जास्त सलतात.

मग ही बोच उपयोगी पडते का? 2004 चा एक प्रयोग इथे फार बोलका आहे. जुगाराच्या दोन चक्रांपैकी एक निवडायचं. नंतर न निवडलेल्या चक्रावर काय आलं असतं तेही दिसायचं. निरोगी माणसं हळहळली आणि पुढच्या डावांत जपून निवडू लागली. डोळ्यांच्या खोबणीवरच्या मेंदूच्या भागाला इजा झालेल्या रुग्णांना ही हळहळ झालीच नाही, आणि ते शिकलेही नाहीत.

मात्र याचा अर्थ पस्ताव्यात जितकं होरपळून निघावं तितकं बरं, असा नव्हे. त्याच गोष्टी मनात घोळवत राहिल्याने नैराश्य लांबतं, हे मानसशास्त्रज्ञ सुझन नोलन-होक्सेमा यांनी 1990च्या दशकापासून दाखवून दिलं होतं. माझ्या मते वादाची खरी गाठ इथे आहे: ‘मी चुकलो’ यातून पुढची पायरी सापडते, ‘मी असाच’ यातून नाही. 2016 मध्ये जिया वेई झांग आणि सेरीना चेन यांच्या अभ्यासात स्वतःच्या पस्ताव्याकडे कणवेने पाहणाऱ्यांनी तो अधिक मोकळेपणाने स्वीकारला, आणि सुधारण्याची ओढही त्यांच्यातच जास्त दिसली. स्वतःला समजून घेतलं की माणूस सैल सुटतो, ही जुनी भीती तिथे खरी ठरली नाही.