बिलाच्या तळाशी काय काय साठलंय: टीप, सर्व्हिस चार्ज आणि टीटीएमएमची पार्श्वभूमी

आमच्या आजोबांच्या वेळी बिल टेबलावर यायचंच नाही. ते गिरगावात राहायचे, आणि सांगायचे की हॉटेलात खाऊन उठलं की पोऱ्या आतूनच गल्ल्यावरच्या माणसाला ओरडून सांगायचा, "काळी टोपी, सहा आणे!" की आपण जाऊन सहा आणे ठेवायचे आणि बाहेर पडायचं. कागद नाही, बशी नाही, बडीशेप नाही. म्हणजे टीप ठेवायला जागाच नव्हती. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कारण टीप द्यायची पद्धत रुजायला आधी बिल टेबलापर्यंत यावं लागतं, सुट्टे परत यावे लागतात आणि ते घेऊन येणारा माणूस दोन मिनिटं समोर उभा राहावा लागतो.

खानावळीत तर तेही नव्हतं. गिरणगावातले कामगार महिन्याच्या हिशोबाने जेवायचे, पगार झाला की पैसे चुकते. आणि ज्या बायका घरी खानावळ चालवायच्या त्यांना महिनाभर किराणा उधारीवर आणून ही माणसं जेवू घालावी लागायची, सावकाराचं व्याज वेगळं, म्हणून तर 1975 मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. खानावळीत टीप कोण कोणाला देणार, जेवण करणारी आणि वाढणारी बाई तीच मालकीण. पण "हॉटेलवाल्याला काय कमी आहे" असं आपण जे सहज बोलतो ना, ते ऐकलं की मला या बायका आठवतात.

वरचे पैसे द्यायची सवय मात्र आपल्याकडे जुनीच आहे, फक्त ती हॉटेलातली नव्हती. बक्षिसी हा शब्द फारसीतून आलेला. दिवाळीला पोस्टमनला, झाडूवाल्याला, वॉचमनला द्यायची ती पोस्त. पोस्त वर्षातून एकदा आणि ओळखीच्या माणसाला दिली जाते, टीप अनोळखी माणसाला आणि दर वेळी, त्यामुळे पोस्त देताना कुणाला टक्केवारी आठवत नाही आणि टीप देताना सगळ्यांना आठवते. आणि हो, 'टीप' हा शब्द म्हणजे तीन इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं, तत्पर सेवा मिळावी म्हणून, असा जो मेसेज फिरतो तो खोटा आहे. इंग्लंडात सतराव्या शतकातल्या चोरांच्या बोलीत 'टिप' म्हणजे 'देणे' असा वापर होता, तिथून तो आला.

आता माझ्या मामांबद्दल सांगते कारण या विषयात मी शिरले ती त्यांच्यामुळे. ते बावीस वर्षं हॉटेलात होते, आधी वेटर, मग कॅप्टन. ते म्हणतात की टीप एकट्या वेटरची कधीच नसते, रात्री शटर ओढलं की टीपचा डबा उघडायचा आणि पॉइंटप्रमाणे वाटप, कॅप्टनला जास्त, वेटरला त्याखाली, टेबल पुसणाऱ्या पोराला आणि भांडी घासणाऱ्याला त्याहून कमी पण काहीतरी नक्की. म्हणजे आपण बशीत ठेवलेल्या पन्नास रुपयांतले चार-पाच रुपये आत मोरीपाशी उभ्या असलेल्या, आपल्याला कधीच न दिसणाऱ्या माणसापर्यंत जायचे. पुढे ते ज्या हॉटेलात गेले तिथे बिलातच दहा टक्के सर्व्हिस चार्ज लागायला लागला, गिऱ्हाईक म्हणायचं की दिलीय की टीप, बशी रिकामी, आणि ते दहा टक्के स्टाफपर्यंत आलेच नाहीत. विचारलं तर ब्रेकेज, युनिफॉर्म, असं काहीतरी उत्तर. हे ऐकल्यापासून मी बिलाचा तळ वाचायला लागले.

तर तो सर्व्हिस चार्ज. हा मुळात मोठ्या हॉटेलांतला प्रकार, प्रत्येकाने वेगवेगळी टीप देण्यापेक्षा एक ठरावीक टक्का बिलात धरायचा आणि तो कामगारांत वाटायचा. 1976 मध्ये जयपूरच्या रामबाग पॅलेस हॉटेलच्या कामगारांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलं की हा पैसा मालकाच्या खिशातून येत नाही, गिऱ्हाईक तो कामगारांसाठी देतं, मालक फक्त वाटतो. पुढे 2016 मध्ये आयटीसी या हॉटेलं चालवणाऱ्या कंपनीच्या प्रकरणात, कार्डावर दिलेली टीप हॉटेलने नंतर स्टाफला वाटली तरी तो पगार धरून मालकाने त्यावर टीडीएस कापायची गरज नाही, असा निकाल आला, त्यातही मूळ विचार तोच, टीप गिऱ्हाइकाकडून आलेली आहे. म्हणजे कोर्टाच्या डोक्यात हा हिशोब चाळीस वर्षं पक्का होता, गोंधळ आपल्या टेबलावर होता.

आणि तो गोंधळ वाढवला नावांनी. 2011 च्या मे पासून दारूचा परवाना असलेल्या एसी रेस्टॉरंटवर सर्व्हिस टॅक्स आला, एप्रिल 2013 पासून सगळ्याच एसी रेस्टॉरंटवर. तो पूर्ण बिलावर नव्हता, बिलाच्या ठरावीक भागावर, 2012 पासून 40 टक्के भागावर, धरायचा, म्हणून शेवटी दर 15 टक्के झाला तेव्हाही हातात पडणारा आकडा 6 टक्केच होता. वर राज्याचा व्हॅट. आणि याच्या शेजारी सर्व्हिस चार्ज. टॅक्स सरकारला जातो, चार्ज हॉटेलला, पण नावं इतकी सारखी की निम्म्या लोकांना वाटायचं दोन्ही सरकारच घेतंय. माझ्या बाबांनी कित्येक वर्षं तो चार्ज 'सरकारी आहे' म्हणून निमूट भरला, आणि अशी माणसं घरोघरी होती.

1 जुलै 2017 ला जीएसटी आला, आधी नॉन-एसीला 12 आणि एसीला 18 टक्के, मग 15 नोव्हेंबर 2017 पासून नेहमीच्या रेस्टॉरंटना सरसकट 5, म्हणजे अडीच केंद्राचा नि अडीच राज्याचा. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ग्राहक व्यवहार खात्याने सांगितलं होतं की सर्व्हिस चार्ज ऐच्छिक आहे, बिलात ती जागा कोरी ठेवा, गिऱ्हाईक भरेल. फारसं कुणी ऐकलं नाही. मग 4 जुलै 2022 ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कडक नियम काढले, चार्ज आपोआप लावायचा नाही, दुसऱ्या नावानेही लावायचा नाही, दिला नाही म्हणून कुणाला आत येण्यापासून अडवायचं नाही, आणि चार्ज मिळवून त्या बेरजेवर जीएसटी लावायचा नाही. रेस्टॉरंटच्या संघटना दिल्ली हायकोर्टात गेल्या, त्याच महिन्यात 20 तारखेला स्थगिती मिळाली, आणि जवळजवळ पावणेतीन वर्षांनी, 28 मार्च 2025 ला, न्या. प्रतिभा सिंग यांनी नियम योग्य ठरवले आणि दोन्ही संघटनांना प्रत्येकी एक लाखाचा दंड केला. त्यावर पुढे अपील झालंय. पण आज कुणी चार्ज लावलाच तर काढायला सांगता येतं, नाही काढला तर 1915 ही हेल्पलाइन आहे.

माझं स्वतःचं मत असं की चार्ज काढून घेतला तर तेवढे पैसे, निदान त्यातले निम्मे तरी, रोख वेटरच्या हातात द्यावेत. चार्ज काढायला लावून वर काहीच न देता उठणारी माणसं मी पाहिलीत आणि मला ते पटत नाही.

अमेरिकेत राहणाऱ्यांचा 20 टक्के टीपचा नियम इथे लावू नका, कारण तिथला इतिहासच वेगळा आहे. गुलामगिरी संपल्यावर पुलमन कंपनीच्या रेल्वे डब्यांत काळ्या माणसांना तुटपुंज्या पगारावर ठेवलं आणि बाकीचं प्रवाशांच्या टीपवर सोडलं. 1909 मध्ये वॉशिंग्टन राज्याने टीपविरोधी कायदा केला, आणखी काही राज्यांनीही केले, पण 1926 पर्यंत ते सगळे गेले. 1966 च्या दुरुस्तीने तर टीप किमान वेतनात धरायची सोयच करून दिली, आणि टीप मिळणाऱ्यांचं संघराज्य पातळीवरचं किमान रोख वेतन 1991 पासून ताशी 2.13 डॉलरवर अडकलंय. टीप कमी पडली तर फरक मालकाने भरायचा असतो, आणि कॅलिफोर्नियासारखी काही राज्यं ही सवलत देतच नाहीत. त्यामुळे न्यू जर्सीतली माझी मावसबहीण 20 टक्के ठेवते तेव्हा ती खरं म्हणजे पगार भरत असते. आपल्याकडे किमान वेतनाच्या कायद्यात टीपची अशी वजावट नाही, म्हणून इथे सात ते दहा टक्के ठेवले तर त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आता वाटणी. आपली मूळ पद्धत अंगतपंगत, ज्याने त्याने डबा आणायचा आणि मध्ये ठेवायचा, मोजायचं नाही. भिशीत उलट, सगळं मोजलेलं, दर महिन्याला सारखी रक्कम, आणि त्यातूनच हॉटेलचं बिल गेलं की वाद नाही. मोठ्या माणसांत "आज मी देतो, पुढच्या वेळी तू" हे चालायचं कारण पुढची वेळ नक्की असायची. कॉलेजच्या पोरांकडे ती खात्री नव्हती आणि पैसे तर त्याहून नव्हते, म्हणून तुझं तू माझं मी, टीटीएमएम, कॉन्ट्री काढा. सुट्टे नसायचे म्हणून समान भाग सोपा पडायचा. 2016 मध्ये यूपीआय आला, नोव्हेंबरात नोटाबंदी झाली, आणि सतरा रुपये पन्नास पैसेही पाठवता यायला लागले. म्हणजे समान भाग करायचं जे एकमेव कारण होतं ते संपलं, तरी सवय राहिली.

समजा चौघांनी 300, 450, 500 आणि 750 चं खाल्लं, बेरीज 2000. जीएसटी 100, टीप 200, एकूण 2300. समान केलं तर प्रत्येकी 575, म्हणजे 300 चं खाणारा जवळजवळ दुप्पट देतो आणि मैत्री आहे म्हणून बोलत नाही. त्यापेक्षा 2300 भागिले 2000, म्हणजे 1.15, याने प्रत्येकाचा आकडा गुणा: 345, 517.50, 575, 862.50. टॅक्स आणि टीप दोन्ही आपोआप प्रमाणात बसतात, कुणाला काही बोलावं लागत नाही. हाच 200 जर बिलात सर्व्हिस चार्ज म्हणून आला आणि त्यावरही जीएसटी लावला तर एकूण 2310 होतात, वरचे दहा ना वेटरचे ना आपले.

दारू असेल तर मात्र हे एका गुणाकारात बसत नाही. दारू जीएसटीच्या बाहेर आहे, महाराष्ट्रात परमिट रूममध्ये तिच्यावरचा व्हॅट 1 नोव्हेंबर 2023 पासून 5 चा 10 टक्के झाला, त्यामुळे न पिणाऱ्याला समान भागात नुसती दुसऱ्याची बाटली नाही तर तिचा टॅक्सही भरावा लागतो. आमच्या ग्रुपमध्ये दोघं पीत नाहीत आणि दोन-तीन वर्षं गप्प बसून भरत होते हे मला फार उशिरा कळलं. आता आम्ही ऑर्डर देतानाच सांगतो, ड्रिंक्सचं बिल वेगळं करा. वेटर दोन बिलं आणतो, क्यूआर दोनदा स्कॅन होतो, आणि टीप वेगळी, रोख, कारण मामा सांगतात की क्यूआरवर जास्त टाकलेले पैसे मालकाच्या खात्यात जातात, डब्यात पडतात ते फक्त हातात दिलेले.