हवामान बदलविषयक दावे आणि मानवी हक्क

हवामान बदलामुळे होणारी हानी हा मानवी हक्कांचा भंग आहे, अशी मांडणी करून शासनांविरुद्ध किंवा कंपन्यांविरुद्ध न्यायालये, आयोग व समित्या यांच्यापुढे चालणारी प्रकरणे. जीविताचा हक्क, खाजगी व कौटुंबिक जीवनाचा हक्क आणि अल्पसंख्य समूहांचा संस्कृतीचा हक्क यांचा आधार त्यांत प्रामुख्याने घेतला जातो.

संज्ञा : ‘हवामान’ या मराठी शब्दाने आजची हवा आणि अनेक दशकांची सरासरी स्थिती, असे दोन्ही अर्थ होतात. त्यामुळे काही लेखक ‘वातावरण बदल’ पसंत करतात. महाराष्ट्र शासनाच्या पर्यावरण विभागाच्या नावातही ‘वातावरणीय बदल’ असे शब्द आहेत. येथे रूढ संज्ञाच ठेवली आहे. ‘खटला’ हा शब्द वृत्तपत्रे सरसकट वापरतात. वास्तविक खटला मुख्यतः फौजदारी असतो. दिवाणी प्रकरण म्हणजे दावा, घटनात्मक हक्कासाठी करावयाची ती याचिका आणि संयुक्त राष्ट्रांच्या समितीकडे जाते ती तक्रार. हा काथ्याकूट निष्फळ नाही. दाव्यात हुकूमनामा मिळतो, तर समितीचे मत हुकूमनाम्यासारखे अंमलात आणता येत नाही. आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे सल्लागारी अभिमत यांपैकी कशातच बसत नाही, कारण त्यात वादी-प्रतिवादीच नसतात.

उगम : पहिले प्रकरण कोणते याबद्दल एकमत नाही. काही अभ्यासक सीमापार प्रदूषणाच्या ट्रेल स्मेल्टर लवादापर्यंत (१९३८ व १९४१) मागे जातात; पण तेथे वाद कॅनडा व अमेरिका या राष्ट्रांमधला होता, हक्कांची भाषा नव्हती. फिलिपिन्समधील ओपोसा प्रकरण (१९९३) भावी पिढ्यांच्या वतीने दाद मागण्याचा आद्य दाखला म्हणून सांगितले जाते. मात्र त्याचा विषय जंगलतोड होता. तुवालूने २००२ च्या सुमारास अमेरिका व ऑस्ट्रेलियाविरुद्ध आंतरराष्ट्रीय न्यायालयात जाण्याचा मनोदय जाहीर केला, पण दावा दाखल झाला नाही. मग उरतात २००५ मधील दोन प्रकरणे. नोव्हेंबरमध्ये नायजेरियाच्या संघीय उच्च न्यायालयाने तेलक्षेत्रांत वायू जाळत राहणे हा जीविताच्या व प्रतिष्ठेच्या हक्कांचा भंग ठरवला. डिसेंबरमध्ये शीला वॉट-क्लुटिए यांनी उत्तर ध्रुवीय इन्यूइट लोकांच्या वतीने आंतर-अमेरिकी मानवी हक्क आयोगाकडे अमेरिकेविरुद्ध अर्ज केला. निकालाच्या दृष्टीने पाहिले तर मान नायजेरियाकडे जातो, कारण इन्यूइट अर्ज आयोगाने २००६ मध्ये पुढे चालवण्यास नकार दिला आणि २००७ मध्ये केवळ सर्वसाधारण सुनावणी घेतली. तथापि आंतरराष्ट्रीय व्यासपीठ, हवामान बदल आणि मानवी हक्क हे तीनही धागे प्रथम एकत्र आले ते इन्यूइट अर्जातच. म्हणून तोच आरंभ मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

पीडित कोण : या शाखेतील खरी गाठ येथे आहे. हानी सर्वांचीच होत असेल, तर विशिष्ट अर्जदाराची झाली हे कसे दाखवायचे? नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने उर्जेंडा या पर्यावरणवादी संस्थेच्या प्रकरणात (२० डिसेंबर २०१९) २०२० अखेर उत्सर्जन १९९० च्या तुलनेत किमान २५ टक्के घटवण्याचा आदेश कायम केला. तेथे संस्थेला देशी कायद्यानेच दाद मागता येत होती. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ९ एप्रिल २०२४ रोजी तीन प्रकरणांत निर्णय दिले. स्वित्झर्लंडमधील ज्येष्ठ महिलांच्या संघटनेच्या प्रकरणात युरोपीय मानवी हक्क कराराच्या अनुच्छेद ८ चा (खाजगी व कौटुंबिक जीवनाचा हक्क) भंग १६ विरुद्ध १ मतांनी मान्य झाला. पण त्याच प्रकरणातील चार वैयक्तिक अर्जदार महिलांना पीडित मानले गेले नाही. उष्णतेच्या लाटेने बाई आजारी पडते आणि दाद मात्र संघटनेला मिळते, ही विसंगती टीकाकारांनी दाखवली आहे. पोर्तुगालच्या तरुणांचा ३२ देशांविरुद्धचा अर्ज त्याच दिवशी अग्राह्य ठरला.

संयुक्त राष्ट्रांच्या समित्यांपुढे चित्र संमिश्र आहे. टॉरेस सामुद्रधुनीतील बेटवासीयांच्या तक्रारीत (२०२२) ऑस्ट्रेलिया दोषी ठरला. सोळा मुलांची तक्रार बालहक्क समितीने २०२१ मध्ये परत पाठवली, कारण आधी स्वदेशी न्यायालयांचे दार ठोठावलेले नव्हते. त्या मुलांत उत्तराखंडची रिद्धिमा पांडे होती. मात्र तक्रार भारताविरुद्ध नव्हती.

सल्लागारी अभिमते : सागरी कायद्याच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने मे २०२४ मध्ये हरितगृह वायूंना सागरी प्रदूषणात गणले. जुलै २०२५ मध्ये आंतर-अमेरिकी न्यायालयाचे आणि २३ जुलैला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे अभिमत आले. दुसऱ्याची मूळ कल्पना दक्षिण पॅसिफिक विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांची. ती वानुआतूने उचलून धरली. हवामान करारांपलीकडे वेगळी बंधने नाहीत, असा युक्तिवाद मोठ्या उत्सर्जक देशांनी केला होता. डिसेंबर २०२४ च्या सुनावणीत भारताचाही कल तिकडेच होता, अर्थात विकसित देशांच्या ऐतिहासिक जबाबदारीवर भर देऊन. न्यायालयाने तो युक्तिवाद एकमताने फेटाळला आणि स्वच्छ, निरोगी पर्यावरणाचा हक्क इतर हक्कांच्या उपभोगासाठी अत्यावश्यक मानला. पीठावर दलवीर भंडारी हे भारतीय न्यायाधीश होते. ते पूर्वी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते.

भारत व नागपूर : नागपूरच्या नागरिकाला यांपैकी बहुतेक दारे बंद आहेत. युरोपीय किंवा आंतर-अमेरिकी व्यवस्था त्याला लागू नाही; नागरी व राजकीय हक्कांचा करार भारताने १९७९ मध्ये स्वीकारला, पण वैयक्तिक तक्रारीची मुभा देणारा त्याचा पूरक करार (प्रोटोकॉल) स्वीकारलेला नाही. त्यामुळे वाट उरते ती सिव्हिल लाइन्समधील मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाची, भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली. किंवा हरित न्यायाधिकरणासाठी पुण्याची.

जीविताचा हक्क देणाऱ्या अनुच्छेद २१ चा हवामानाशी स्पष्ट संबंध सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च २०२४ च्या रणजितसिंह निकालात जोडला. प्रकरण मुळात माळढोक पक्ष्याचे होते. एप्रिल २०२१ मध्ये सरन्यायाधीश शरद बोबडे या नागपूरकर न्यायमूर्तींच्या पीठाने राजस्थान व गुजरातमधील सुमारे ९९,००० चौ. किमी. क्षेत्रात उच्चदाबाच्या उघड्या वीजवाहिन्यांवर निर्बंध घातले. सौरऊर्जेला अडथळा होतो म्हणून ते नंतर शिथिल करताना, हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क मान्य झाला. हक्क जन्मला तो माळढोकचे संरक्षण सैल करताना, ही बाब सहसा उल्लेखिली जात नाही.

शास्त्रीय पुराव्याच्या बाजूने नागपूरचा वाटा जुना आहे. येथील नीरी या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेचे (स्थापना १९५८) अहवाल सर्वोच्च न्यायालयाने ताजमहाल प्रदूषण प्रकरणात (निकाल १९९६) आधाराला घेतले. पण गिरणी वा भट्टीच्या धुराचा माग काढणे वेगळे आणि नागपूरजवळच्या कोराडी-खापरखेडा औष्णिक वीजकेंद्रांच्या राखेपलीकडे जाऊन एखाद्या उष्णतेच्या लाटेतील उत्सर्जनाचा हिस्सा मोजणे वेगळे.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत १०० मिमी.हून अधिक पाऊस होऊन अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. त्यावर नागपूर खंडपीठापुढे जनहित याचिका दाखल झाली. तिचा भर हवामानविषयक हक्कापेक्षा अंबाझरी धरणाची सुरक्षा व प्रवाहातील अडथळे यांवर राहिला.