चेक हातात, खाते नाही : अमेरिकेतल्या वटणावळीची पार्श्वभूमी

पगाराचा चेक ही मालकाने आपल्या बँकेला लिहिलेली चिठ्ठी असते : अमुक माणसाला अमुक रक्कम द्या. चिठ्ठी खरी आहे का, मालकाच्या खात्यात तेवढी शिल्लक आहे का, आणि चेक घेऊन आलेला माणूस तोच आहे का, याचा उलगडा होईपर्यंत कुणाला तरी थांबावे लागते आणि जोखीमही घ्यावी लागते. अमेरिकेत खाते नसलेल्या कामगाराच्या बाबतीत हे थांबणे गेली शंभर-सव्वाशे वर्षे कुणी ना कुणी अंगावर घेत आले आहे, आणि बहुतेकांनी त्याची किंमत वसूल केली आहे.

ठेवींचा विमा सांभाळणाऱ्या एफडीआयसी या सरकारी संस्थेच्या २०२३ च्या सर्वेक्षणानुसार ४.२ टक्के अमेरिकी कुटुंबांत, म्हणजे सुमारे ५६ लाख घरांत, एकाही माणसाचे बँक खाते नव्हते. असे लोक चेक वटवणाऱ्या दुकानात जातात, आणि रोख देताना दुकान जी रक्कम कापते ती वटणावळ. न्यूयॉर्क राज्याने २०२३ मध्ये पगाराच्या चेकवरील वटणावळीची कमाल मर्यादा २.२ टक्के ठरवली. दर पंधरवड्याला ८०० डॉलरचा चेक मिळत असेल, तर दर वेळी १७ डॉलर ६० सेंट जातात. वर्षाचे साडेचारशेहून अधिक. आणि हा दर सरकारने बांधून दिलेला आहे. बऱ्याच राज्यांत अशी मर्यादाच नाही.

मुळात पगार चेकने यायचाच कशाला? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बहुतेक कारखान्यांत तो पाकिटातून रोख मिळे. आदल्या दिवशी बँकेतून नोटा-नाणी आणायची, नावानिशी पाकिटे भरायची आणि पेटीत घालून कारखान्यात न्यायची. त्या पेट्यांवर दरोडेखोरांचा डोळा असे. १५ एप्रिल १९२० रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या साउथ ब्रेनट्री गावात एका बूट कारखान्याचा पगारवाटप करणारा कर्मचारी आणि त्याचा रखवालदार यांना भररस्त्यात गोळ्या घालून १५,७७६ डॉलर लुटले गेले. याच गुन्ह्यासाठी पुढे सॅको आणि व्हान्झेटी या दोन इटालियन अराज्यवाद्यांना विजेच्या खुर्चीत मृत्युदंड दिला गेला आणि जगभर निदर्शने झाली. खटल्याचे राजकारण लोकांच्या लक्षात राहिले. मालकांना मात्र रोख रक्कम वाहून नेण्याचा धोका जास्त झोंबला. चेक चोरीला गेला तर थांबवता येतो. १९३७ पासून सोशल सिक्युरिटीची (सरकारी निवृत्तिवेतन योजनेची) आणि १९४३ पासून प्राप्तिकराची कपात थेट पगारातून होऊ लागली, तेव्हा प्रत्येक पगाराचा लेखी हिशेब ठेवणे भागच पडले. चेक आणि त्याला जोडलेली हिशेबाची पट्टी यांत ती सोय आयतीच होती. धोका आणि कटकट मालकाच्या डोक्यावरून उतरली आणि चेकचे रोख करण्याचे काम कामगाराच्या गळ्यात पडले.

खाणींच्या भागात याहून वाईट प्रकार चालत असे. वेस्ट व्हर्जिनिया, केंटकीमधल्या कोळसा कंपन्या पगाराऐवजी स्वतःची कागदी चिठ्ठ्यांची किंवा धातूच्या बिल्ल्यांची ‘नाणी’ देत, आणि ती चालत फक्त कंपनीच्याच दुकानात. बाहेर ती वटवायची तर पूर्ण किंमत मिळत नसे. यावर कायदे झाले. १९३८ च्या फेअर लेबर स्टँडर्ड्स ॲक्ट या किमान वेतनाच्या केंद्रीय कायद्याखाली असले बिल्ले वेतन म्हणून धरले जात नाहीत. कॅलिफोर्नियाचा कामगार कायदा तर आणखी पुढे जातो : पगाराचा चेक राज्यातल्या कुठल्या तरी ठिकाणी, मागताक्षणी, एक सेंटही न कापता रोख मिळेल असाच हवा, आणि त्या ठिकाणाचे नाव-पत्ता चेकवर छापलेला हवा. प्रश्न नेमका काय आहे हे ज्याने हे कलम लिहिले त्याला कळले होते असे म्हणावे लागेल. सगळ्या देशात हीच तरतूद असती तर या लेखातला निम्मा इतिहास घडलाच नसता.

काही कारखान्यांत चेक १९२० च्या आधीच आला होता, आणि तेव्हा तो वटवणारा पहिला मोठा गडी म्हणजे दारूच्या गुत्त्याचा मालक. बँका तेव्हा दुपारी लवकर बंद होत, कामगाराची पाळी संध्याकाळी सुटे, आणि अंगावर कामाचे कपडे, तोंडात परकी भाषा असलेल्या माणसाला बँकेच्या संगमरवरी दालनात कुणी ‘या, बसा’ म्हणत नसे. शिकागोच्या कत्तलखान्यांजवळ ॲशलंड अव्हेन्यूवर गुत्त्यांची एक रांगच होती, तिला ‘व्हिस्की रो’ म्हणत. पगाराच्या दिवशी तिथले मालक गल्ल्यात भरपूर रोकड ठेवत आणि चेक वटवून देत. फी काही नाही. फक्त ज्याने चेक वटवून दिला त्याच्याकडे दोन पेले न घेता निघून जाणे शिष्टाचाराला धरून नव्हते. दारूबंदीवाल्यांनी यावर पुष्कळ आगपाखड केली आणि ती चुकीची नव्हती. तरी एवढे खरे, की गुत्तेवाला माणसाला चेहऱ्याने ओळखत होता आणि रात्री नऊलाही दार उघडे ठेवत होता. १९२० मध्ये देशभर दारूबंदी आली आणि ही सोय अधिकृतपणे तरी संपली.

आज जो धंदा दिसतो त्याचा जन्म १९३० च्या दशकातला, आणि तोही बराचसा शिकागोतला. १९३० ते १९३३ या काळात अमेरिकेत सुमारे ९,००० बँका बुडाल्या. मार्च १९३३ मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी देशातल्या सगळ्याच बँका काही दिवस बंद ठेवल्या. शिकागो ज्यात येते त्या इलिनॉय राज्यात बँकांना शाखा काढायला बंदी होती. एक बँक म्हणजे एक इमारत. त्यामुळे मोहल्ल्यातली बँक बुडाली की दुसऱ्या बँकेची शाखा तिथे येण्याचा प्रश्नच नव्हता. अख्खा भाग बँकेवाचून राही. पगाराचे चेक मात्र येतच होते. मग ‘करन्सी एक्स्चेंज’ नावाची छोटी दुकाने निघाली. ती चेक वटवत, मनीऑर्डर विकत, विजेची बिले भरून घेत. पुढे गाड्यांचे परवाना-स्टिकरही तिथेच मिळू लागले. १९४३ मध्ये इलिनॉयने त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदा केला, पुढच्या वर्षी न्यूयॉर्कने परवाना पद्धत आणली. तात्पुरत्या अडचणीतून निघालेला धंदा असा कायम झाला.

ठेवींना विमा मिळाल्यावर बहुतेक लोक बँकांकडे परतले. सगळे नाही परतले, आणि त्याला कारणे होती. गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांसाठी १८६५ मध्ये काढलेली फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँक १८७४ मध्ये बुडाली, तेव्हा ६१ हजारांवर ठेवीदारांचे जवळजवळ ३० लाख डॉलर अडकले. शेवटच्या काही महिन्यांत कृष्णवर्णीयांचे नेते फ्रेडरिक डग्लस यांना तिचे अध्यक्ष केले होते. आतून ती आधीच पोखरलेली होती. काही घरांत बँकेचा विषय निघाला की अशा आठवणी पिढ्यानुपिढ्या निघतात. दुसरीकडे, ज्यांना बँकेवर विश्वास नाही त्यांच्यासाठी १९११ पासून टपाल खात्याची बचत योजना होती. दुसऱ्या महायुद्धानंतर तिच्यात ३०० कोटी डॉलरहून जास्त ठेवी होत्या. पण व्याज दोन टक्क्यांवर अडकलेले, बँका त्याहून जास्त देऊ लागलेल्या. १९६७ मध्ये ती बंद झाली आणि सरकारी खिडकीही गेली.

१९८० नंतर चेक वटवणाऱ्या दुकानांची संख्या झपाट्याने वाढली. त्या वर्षीच्या कायद्याने व्याजदरांवरची बंधने सैल होऊ लागली, बँकांत स्पर्धा लागली, आणि लहान खाती तोट्याची ठरली. किमान शिल्लक वाढली, दंड वाढले, गरीब वस्त्यांतल्या शाखा बंद झाल्या. ज्याचे खाते दंड थकल्यामुळे बंद झाले, त्याचे नाव चेक्ससिस्टम्स या बँकांच्या सामाईक नोंदवहीत जाते आणि पाच वर्षांपर्यंत तिथे राहते. तोवर दुसरी बँकही दारात उभे करत नाही. २००१ च्या पॅट्रियट ॲक्ट या दहशतवादविरोधी कायद्यानंतर खातेदाराची ओळख पटवण्याचे नियमही कडक झाले.

खाते असूनही दुकानात जाणारे लोक असतात, हे बाहेरच्याला चटकन कळत नाही. कारण पुन्हा थांबण्याचेच. चेक खात्यात भरला म्हणजे पैसे लगेच वापरता येतात असे नाही. बँका मनाला येईल तितके दिवस पैसे अडकवून ठेवत, म्हणून १९८७ मध्ये अमेरिकी संसदेला मुदती ठरवणारा कायदा करावा लागला. तरीही पगाराच्या साध्या चेकमधले पहिले १०० डॉलर कामाच्या पुढच्या दिवशी आणि उरलेले आणखी काही दिवसांनी, अशी मुभा बँकांना राहिली (१०० चा तो आकडा आता २७५ झाला आहे). शुक्रवारी संध्याकाळी भरलेला चेक, सोमवारी भाडे, आणि मध्ये एखादा व्यवहार शिल्लक नसताना गेला की पस्तीसेक डॉलरचा दंड. याच्यापुढे १७ डॉलर ६० सेंट स्वस्त पडतात.

दुकानातला व्यवहार असा होतो. जाड काचेमागे कर्मचारी, भिंतीवर दरांचा फलक. पहिल्यांदा आलेल्याचे ओळखपत्र आणि फोटो घेतात, चेकवरची कंपनी नोंदीत शोधतात, नाहीच सापडली तर कंपनीला फोन लावून ‘या नंबरचा चेक तुम्हीच दिला का’ म्हणून विचारतात. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला हे काही लागत नाही. चेक काचेखालून आत, वटणावळ कापून नोटा बाहेर, त्यातूनच मनीऑर्डर करून घरभाडे, फोनचे बिल. दहा मिनिटांत महिन्याची निम्मी कामे उरकतात. चेक न वटता परत आला तर फटका दुकानाला. वटणावळीतला मोठा भाग त्याच भीतीचा. न्यूयॉर्कच्या दक्षिण ब्रॉन्क्स भागातल्या अशा दुकानात एक प्राध्यापिका काही महिने खिडकीमागे बसून काम करत होत्या. गिऱ्हाइकांना फसवले जात आहे, हे ठरवून गेलेल्याला तिथे बरेच काही वेगळे दिसते : किती कापणार हे फलकावर आधीच लिहिलेले असते, नंतर अचानक काही निघत नाही.

सगळ्यात खटकणारा भाग वेगळाच आहे. चेक ज्या बँकेवर काढलेला, त्या बँकेला सुरुवातीच्या तिन्ही प्रश्नांची (चेक खरा का, शिल्लक आहे का, माणूस तोच का) उत्तरे जागच्या जागी मिळू शकतात. मालकाचे खाते तिच्याच पडद्यावर असते. पण अमेरिकी व्यापारी कायद्यानुसार परक्या माणसाला पैसे दिलेच पाहिजेत असे तिच्यावर बंधन नाही. १९९० च्या दशकात बँकांनी खाते नसलेल्यांकडून चेकवर अंगठ्याचा ठसा मागायला सुरुवात केली. बाल्टिमोरमध्ये एका वकिलाने ९७६ डॉलरच्या चेकसाठी ठसा द्यायला नकार दिला आणि प्रकरण थेट मेरीलँडच्या सर्वोच्च न्यायालयात नेले. २००३ मध्ये न्यायालयाने ठशाची अट वाजवी ठरवली. त्याच सुमारास बँका अशा चेकवर फीही घेऊ लागल्या होत्या. टेक्सासने २००१ मध्ये कायदा केला की आपल्याच बँकेचा चेक पूर्ण रकमेला वटवा, फी नको. मोठ्या बँका कोर्टात गेल्या आणि २००३ मध्ये जिंकल्या : राष्ट्रीय बँकांना (म्हणजे केंद्राकडून परवाना घेतलेल्या बँकांना) फी घेण्याचा अधिकार केंद्राने दिला आहे, राज्य तो काढू शकत नाही. माझ्या मते हा निकाल या साऱ्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी चर्चिलेला आहे. पगार पूर्ण द्या, असे मालकाला सांगणारा कायदा होता. पूर्ण वटवा, असे बँकेला सांगण्याची दारे त्या दिवशी बंद झाली.

पुढे वॉलमार्टने अवघ्या काही डॉलरमध्ये चेक वटवायला सुरुवात केली, आणि चेक वटवणाऱ्या दुकानदारांना घाम फुटला. गुत्तेवाल्याचेच गणित, फक्त पेल्याच्या जागी किराणा. वॉलमार्टला स्वतःची बँकही हवी होती. जोरदार विरोध झाल्यावर २००७ मध्ये तो अर्ज मागे घेतला गेला.

मालकांनी दुसरा उपाय काढला : पगाराचे कार्ड. कागद नाही, वटणावळ नाही, पण एटीएममधून काढायला फी, शिल्लक बघायला फी. पेनसिल्व्हेनियात कार्डशिवाय पर्यायच न दिल्याबद्दल फास्ट-फूड कामगारांनी २०१३ मध्ये दावा लावला. तिथला कायदा पगार ‘रोख किंवा चेक’ने द्या म्हणत होता, आणि कार्ड यांतले काहीच नाही असे २०१६ मध्ये न्यायालयाने ठरवले. त्यानंतर लगेच विधिमंडळाने कामगाराच्या संमतीने कार्ड देण्याची वाट मोकळी केली.

टपाल खात्यानेही एकदा परत हात घालून पाहिला. सप्टेंबर २०२१ मध्ये वॉशिंग्टन, फॉल्स चर्च, बाल्टिमोर आणि ब्रॉन्क्समधल्या एकेका पोस्टात ५०० डॉलरपर्यंतचा पगाराचा चेक ५ डॉलर ९५ सेंट फी देऊन वटवता येईल अशी सोय झाली. फक्त रोख मिळणार नाही, गिफ्ट कार्ड मिळेल. गिफ्ट कार्डाने घरमालक भाडे घेत नाही, आणि पूर्णवेळ कामगाराचा पंधरवड्याचा चेक ५०० च्या आत क्वचितच बसतो. पहिल्या काही महिन्यांत सहा गिऱ्हाइके आली. खात्याची कमाई ३५ डॉलर ७० सेंट.

दरम्यान खाते नसलेल्या कुटुंबांचे प्रमाण २०११ मधल्या ८.२ टक्क्यांवरून निम्म्यावर आले आहे. सॅन फ्रान्सिस्कोत २००६ मध्ये सुरू झालेल्या ‘बँक ऑन’ उपक्रमातून दंड न लागणारी स्वस्त खाती निघाली, फोनवर चेकचा फोटो काढून भरणे सोपे झाले, पगारही बहुतेकांचा थेट खात्यात येतो. जे उरले त्यांना खाते का नाही असे विचारले, तर एफडीआयसीच्या पाहणीत सर्वाधिक मिळणारे उत्तर तेच आहे : किमान शिल्लक ठेवण्याइतके पैसे नाहीत.