‘रॉयल अल्बर्ट हॉल’ नावाने विकली गेलेली मँचेस्टरची रात्र: थोडी पार्श्वभूमी

अमेरिकन गायक बॉब डिलनच्या १९६६ च्या टूरचा विषय निघाला की चाहत्यांची गाडी दोन मिनिटांत प्रेक्षकांतून आलेल्या त्या एका आरोळीवर येते, ‘जूडास!’ (येशूचा विश्वासघात करणारा शिष्य, म्हणजे ‘गद्दार!’), आणि मग कोण ओरडलं, कुठे ओरडलं, डिलन नेमकं काय म्हणाला यावर वाद सुरू. रेकॉर्डिंग सगळ्यांनी ऐकलेलं असतं म्हणून ते परत सांगत नाही. पण मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमधल्या त्या रात्रीच्या आठवणी आज ज्या स्वरूपात फिरतात त्या कशा तयार झाल्या हे फारसं कुणी सांगत नाही, आणि माझ्या मते खरी गोष्ट तिथेच आहे, कारण हॉलमध्ये बसलेल्या लोकांवर यात बराच अन्याय झालाय.

मागचं थोडक्यात. ब्रिटनमधली फोक (लोकसंगीताची) चळवळ म्हणजे नुसती गाण्याची आवड नव्हती, तिच्यात डावं राजकारण होतं, अणुबॉम्बविरोधी मोर्चे होते, आणि पबच्या वरच्या खोल्यांत चालणाऱ्या क्लबांचे स्वतःचे नियम होते. लंडनच्या एका नावाजलेल्या क्लबात तर गायकाने आपल्याच देशातली, आपल्याच भाषेतली गाणी गावीत असा दंडक होता. तो घालून देणारा बुजुर्ग गायक मूळचा मँचेस्टरला खेटून असलेल्या सॅलफर्डचा, आणि त्याने १९६५ मध्येच डिलनवर अत्यंत कडक शब्दांत छापून टीका केली होती. त्याच वर्षी जुलैत अमेरिकेतल्या न्यूपोर्टच्या फोक महोत्सवात, तोवर फोक गायक म्हणून ओळखला जाणारा डिलन इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभा राहिला, तिथेही हुर्यो झाली, ती गाण्यावरून झाली की खराब साउंडवरून की फक्त तीनच गाणी वाजवून बँड आत गेला म्हणून, हा वाद अजून चालू आहे.

मँचेस्टरच्या लोकांना काहीच माहीत नव्हतं आणि त्यांना अचानक धक्का बसला, असं जे सांगितलं जातं ते काही पटत नाही. ‘लाइक अ रोलिंग स्टोन’ हे त्याचं इलेक्ट्रिक गाणं १९६५ मध्येच ब्रिटनच्या चार्टवर चौथ्या नंबरपर्यंत गेलं होतं. म्हणजे तिकीट काढणाऱ्याला माहीत होतं. पण साधारण वर्षभरापूर्वी, ७ मे १९६५ ला, हाच माणूस याच फ्री ट्रेड हॉलमध्ये एकटा, गिटार आणि माउथ ऑर्गन घेऊन गाऊन गेला होता, ती आठवण ताजी होती. कीर्तनाला म्हणून येऊन बसलेल्या माणसासमोर मध्यंतरानंतर बँजो-ढोल-ताशे उभे राहिले तर तो आधी बावरेल आणि मग चिडेल, त्याला अडाणी म्हणण्यात अर्थ नाही.

तर १७ मे १९६६, मंगळवार. पहिला भाग पूर्ण अकूस्टिक (इलेक्ट्रिक वाद्यांशिवाय, एकट्याने), सात गाणी, आणि हॉल इतका शांत की रेकॉर्डिंगमध्ये जवळपास श्वास ऐकू यावेत. हा भाग लोकांना फार आवडला होता, पण आठवणींमधून तो जवळजवळ पुसलाच गेलाय, त्याचं कारण पुढे येतंच. मध्यंतरानंतर ‘द हॉक्स’ हा इलेक्ट्रिक बँड घेऊन आठ गाणी. यातलं पहिलंच गाणं कुठल्याही रेकॉर्डवर नव्हतं, त्याची स्टुडिओ आवृत्ती आजतागायत नाही. नवा डबल अल्बम ब्रिटनच्या दुकानात यायचा होता. उरलेल्यात दोन-तीन गाणी सुरुवातीच्या काळातली, लोकांची तोंडपाठ, आणि ती पार बदलून, ड्रम्स आणि ऑर्गनसकट. नवीन गाणं न कळणं वेगळं आणि आपलं गाणं ओळखू न येणं वेगळं, दुसरं जास्त लागतं.

मग टाळ्या सुरू झाल्या, संथ, एका लयीत, त्या कौतुकाच्या नव्हेत, बंद करा म्हणून वाजवायच्या. एक मुलगी उठून स्टेजपर्यंत गेली आणि तिने डिलनच्या हातात चिठ्ठी दिली, त्याने वाकून घेतली आणि फ्लाइंग किस दिला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. बँडला घरी पाठवा असं त्या चिठ्ठीत होतं. डिलन मध्येच माइकमध्ये काहीतरी अर्थहीन पुटपुटत राहिला, लोक ऐकायला गप्प झाले तेव्हा म्हणाला की इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या नाहीत तर बरं. शेवटच्या गाण्याच्या आधी ती आरोळी. त्यावर डिलनचं ‘आय डोन्ट बिलीव्ह यू’, थोडं थांबून ‘यू आर अ लायर’, मग बँडकडे वळून आणखी जोरात वाजवा म्हणून एक शिवी, आणि ड्रम्सचा फटका.

आता साउंड. टूरसोबत अमेरिकेतून स्वतःची साउंड सिस्टीम आणलेली होती. फ्री ट्रेड हॉल हे एका नामांकित सिम्फनी ऑर्केस्ट्राचं घर, दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यात आतून उद्ध्वस्त झालेलं आणि १९५१ ला परत उघडलेलं, म्हणजे बिना-माइकच्या वाद्यांसाठी बांधलेली जागा. तिथे इतक्या मोठ्या आवाजात इलेक्ट्रिक बँड म्हणजे मागच्या रांगांना नुसता गदारोळ. हजर असलेल्या कितीतरी जणांनी नंतर हेच सांगितलं की राग गिटारचा नव्हता, शब्द ऐकू येत नव्हते त्याचा होता. आणि डिलनकडे लोक शब्दांसाठीच तर यायचे! आपण जे ऐकतो ते रेकॉर्ड कंपनीने मशीन लावून थेट माइकवरून घेतलेलं, साफ, प्रत्येक वाद्य वेगळं. ते ऐकून आपण म्हणतो की एवढं भारी चाललंय आणि हे मूर्ख ओरडतायत. पण ते त्यांनी ऐकलंच नव्हतं, त्यांनी ऐकलं ते दुसरंच काहीतरी. हा फरक मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि नेमका तोच कुणी सांगत नाही.

आता नावाचा गुंता. १९७० च्या आसपास दुसऱ्या भागाची, म्हणजे फक्त इलेक्ट्रिक आठ गाण्यांची, चोरटी एलपी बाजारात आली आणि तिच्यावर ठिकाण पडलं ‘रॉयल अल्बर्ट हॉल’. ते टिकायचं कारण साधं आहे. टूर संपली ती लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्येच, २६ आणि २७ मे ला, ते जास्त नावाजलेलं ठिकाण, आणि तिथेही आरडाओरडा झाला होता, लोक उठून गेले होते, त्यामुळे नाव खोटं वाटायचं काही कारणच नव्हतं. त्यात टूर संपल्यावर दोन महिन्यांत डिलनचा मोटरसायकल अपघात झाला आणि नंतर तो थेट १९७४ पर्यंत टूरवर गेला नाही, म्हणजे या बँडसोबतचा हा आवाज ऐकायचा तर चोरट्या रेकॉर्डशिवाय फारसा मार्ग नव्हता. पंचवीसेक वर्षं ही एलपी हातोहात फिरली, कॅसेटवर उतरली, पुस्तकांत आणि समीक्षांत याच नावाने तिचा उल्लेख होत राहिला. मँचेस्टरचे लोक सांगायचे की अहो हे आमच्याकडे झालं, मी होतो तिथे, पण छापलेल्या लेबलपुढे माणसाच्या आठवणीला कोण विचारतं. आणि एलपीवर फक्त दुसरा भाग असल्यामुळे संध्याकाळचा पहिला अर्धा भाग, ती शांतता, जगाच्या दृष्टीने घडलीच नाही. १९९० च्या दशकात दोन्ही भागांची चांगली चोरटी सीडी फिरायला लागली तेव्हा कुठे लोकांना पूर्ण चित्र कळायला लागलं.

मग ऑक्टोबर १९९८. कंपनीने अखेर अधिकृत डबल सीडी काढली. तोपर्यंत हे मँचेस्टरचं आहे हे कंपनीला पक्कं माहीत होतं, आत तसं छापलंसुद्धा, पण कव्हरवर नाव ठेवलं ‘रॉयल अल्बर्ट हॉल’, अवतरणचिन्हांत. या अवतरणचिन्हांवर चाहत्यांमध्ये जेवढं भांडण झालंय तेवढं गाण्यांवरही झालं नसेल. बाजूने बोलणारे म्हणतात की लोक ही रेकॉर्ड याच नावाने ओळखतात, शोधतात, शिवाय चोरट्या एलपीच्या इतिहासालाही तो एक सलाम आहे. मला हे मान्य नाही. दुरुस्त करायची संधी एकदाच येते, तीही अधिकृत प्रकाशनाच्या वेळी, आणि तेव्हाच चूक पक्की केली गेली. दोन अवतरणचिन्हं बघून कोण थांबतं? दुकानात, याद्यांमध्ये ती चिन्हं गळून पडतात आणि उरतं ते लंडन. मँचेस्टरसारख्या कामगार शहराकडून त्याची एक रात्र काढून राजधानीला देऊन टाकली, असं तिथले लोक आजही बोलतात आणि त्यांचं बरोबर आहे.

याच १९९८ मध्ये मँचेस्टरच्याच एका संगीतकार-प्राध्यापकाचं या रात्रीवर पुस्तक आलं. तो कोवळ्या वयात स्वतः हॉलमध्ये होता आणि त्याने प्रेक्षकांना शोधून शोधून बोलतं केलं. पहिल्यांदाच गोष्ट स्टेजवरून नाही तर खुर्च्यांवरून सांगितली गेली, आणि हे काम व्हायला बत्तीस वर्षं जावी लागली.

सीडी आल्यावर ओरडणारा सापडला, आणि एक नाही, दोन. एक जण तेव्हा विद्यार्थी होता आणि नंतर कॅनडात स्थायिक झाला. कार्यक्रमानंतर बाहेर कॅमेऱ्यासमोर तावातावाने बोलतानाचं त्याचं फुटेजही आहे. दुसरा मँचेस्टरमध्येच शिक्षणक्षेत्रात होता, आणि त्याचं म्हणणं मला फार मोलाचं वाटतं, की इलेक्ट्रिक वाजवलं म्हणून नाही तर इतक्या भिकार साउंडमध्ये वाजवलं म्हणून आपण चिडलो. दोघेही आता हयात नाहीत आणि आरोळी नक्की कुणाची यावर चाहत्यांचं एकमत नाही. दोघांपैकी एकाला खोटारडा म्हणणारे लोक मला आवडत नाहीत. त्या संध्याकाळी बरेच जण काय काय ओरडत होते, रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतंच, आणि तीस-बत्तीस वर्षं एक टेप ऐकत राहिलं की तिच्यातला आवाज आपलाच होता असं प्रामाणिकपणे वाटू शकतं.

२००५ च्या माहितीपटात त्या क्षणाचं रंगीत चित्रण लोकांना बघायला मिळालं, आणि बँडला ती शिवी घातली कुणी, डिलनने की दुसऱ्याच कुणी, या जुन्या वादात डिलनच्या बाजूचं पारडं जड झालं. २०१६ मध्ये कंपनीने त्या वर्षीच्या टूरची मिळतील ती सगळी रेकॉर्डिंग्ज ३६ सीडींच्या पेटीत काढली, आणि २६ मे चा लंडनचा कार्यक्रम वेगळाही काढला, त्याच्या नावात ‘खरा’ असं लिहावं लागलं! ही वेळ १९९८ च्या निर्णयाने आणली. फ्री ट्रेड हॉल तोवर हॉटेल होऊन गेलं होतं, ऑर्केस्ट्रा १९९६ मध्ये नवीन इमारतीत गेला, दर्शनी भिंत तेवढी जुनी राहिली.

नोव्हेंबर २०२२ मध्ये एका अमेरिकन गायिकेने हा अख्खा कार्यक्रम, पंधराच्या पंधरा गाणी, त्याच क्रमाने परत सादर केला, आणि कुठे, तर लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये, मुद्दाम, त्या चुकीच्या नावाला धरून. प्रेक्षकांतून कुणीतरी ‘जूडास’ ओरडलंही. गायली सुंदर, पण हा कार्यक्रम मँचेस्टरला व्हायला हवा होता असं मला अजूनही वाटतं. आणि २०२४ च्या चित्रपटात तर ती आरोळी उचलून सरळ १९६५ च्या न्यूपोर्टमध्ये टाकली आहे. नाट्य म्हणून समजू शकतो, पण त्यामुळे आता नव्याने आलेले चाहते ती अमेरिकेत झाली म्हणून सांगतात, आणि त्या हॉलमध्ये बसलेले, आज पंच्याहत्तरी ओलांडलेले लोक परत एकदा सांगत बसलेत की नाही हो, आमच्याकडे, मँचेस्टरला.