जर्मनीतील विद्यार्थी वसतिगृहाची खोली: अर्ज, पात्रता, कागदपत्रे आणि पत्त्याची नोंदणी

प्रवेशाचे पत्र आले की पुण्यातल्या घरात सगळ्यांचे लक्ष एपीएस प्रमाणपत्र (शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचा दाखला), ब्लॉक्ड अकाउंट (खर्चाची रक्कम आधीच भरून दरमहा ठरावीक पैसे देणारे खाते) आणि व्हिसाच्या तारखेकडे लागते. खोलीचा विषय निघतो तो विमानाचे तिकीट काढताना, आणि तोपर्यंत बराच उशीर झालेला असतो. जर्मनीला निघालेल्या मुलामुलींना कागदपत्रांत मदत करताना मी हे अनेकदा पाहिले आहे. तिथे खोली मिळाली की घरमालकाचा दाखला मिळतो, त्या दाखल्यावर पत्त्याची नोंदणी होते, आणि त्या नोंदणीवरच करदाता क्रमांकापासून निवास परवान्यापर्यंतची पुढची कामे होतात. म्हणून ही माहिती खोलीच्या अर्जापासूनच सुरू करत आहे.

अर्ज कोणाकडे करायचा

आपल्याकडे महाविद्यालयाचे वसतिगृह महाविद्यालयाच्याच कार्यालयातून मिळते, त्यामुळे जर्मन विद्यापीठात प्रवेश मिळाला म्हणजे खोलीही विद्यापीठच देईल, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात जर्मनीतील सार्वजनिक विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे आणि मेस चालवण्याचे काम प्रामुख्याने ‘श्टुडीरेंडनवेर्क’ या स्वतंत्र संस्था करतात. देशभरात अशा 57 संस्था असून प्रत्येकीचे कार्यक्षेत्र ठरलेले आहे. विद्यापीठाचा प्रवेश अर्ज आणि खोलीचा अर्ज या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरा अर्ज विद्यार्थ्याने स्वतःहून करावा लागतो. दोन शहरांतील विद्यापीठांकडे प्रवेशासाठी अर्ज केला असेल, तर दोन्ही ठिकाणच्या संस्थांकडे खोलीची नोंद करून ठेवावी.

पात्रतेची मुख्य अट एकच आहे: विद्यार्थी त्या संस्थेच्या कार्यक्षेत्रातील विद्यापीठात नोंदणीकृत असला पाहिजे. प्रत्येक सत्राला विद्यापीठाकडे जे सत्रशुल्क भरावे लागते, त्यातला एक भाग या संस्थेला जातो. परदेशी विद्यार्थीही तो भरतात आणि त्यांचा हक्कही इतरांइतकाच असतो. बहुतेक ठिकाणी वसतिगृहात किती सत्रे राहता येईल याची कमाल मर्यादा घातलेली असते. ती भाडेकरारात वाचून घ्यावी, कारण दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला तिसरे वर्ष लागणे तिथे असामान्य नाही.

बहुतेक विद्यापीठांत हिवाळी सत्र अधिकृतपणे 1 ऑक्टोबरला आणि उन्हाळी सत्र 1 एप्रिलला सुरू होते. अनेक संस्था प्रवेश निश्चित होण्याआधीच ऑनलाइन नोंद घेतात, त्यामुळे व्हिसा मिळेपर्यंत थांबण्याचे काहीच कारण नाही. म्युनिकसारख्या शहरात प्रतीक्षा यादी एकाहून अधिक सत्रे लांबू शकते, तर लहान शहरांत ती बरीच आखूड असते. पहिल्या अर्जात नाव, जन्मतारीख, ईमेल, विद्यापीठ आणि अपेक्षित सत्र एवढीच माहिती सहसा लागते. काही संस्था मात्र अर्जदाराला अजून खोली हवी आहे का, हे ठरावीक काळाने विचारतात, आणि उत्तर न आल्यास नाव यादीतून काढतात. खोली देऊ केल्याचे पत्र ईमेलनेच येते आणि ते स्वीकारायला मोजकेच दिवस मिळतात. ते ईमेल स्पॅममध्ये पडून राहिल्याने हातची खोली गेलेली मी पाहिली आहे, म्हणून अर्ज केल्यानंतर तो भाग रोज उघडून पाहावा.

खोली, भाडे आणि अनामत

कोथरूड किंवा कर्वेनगरमध्ये ‘कॉट बेसिस’वर एका खोलीत दोघे-तिघे राहतात, तशी सामायिक खोली तिथे सहसा नसते. सामायिक निवास म्हणजे ‘वेगे’: प्रत्येकाची झोपण्याची खोली स्वतंत्र आणि तिला कुलूप, पण स्वयंपाकघर आणि बहुधा न्हाणीघर सर्वांचे मिळून. काही इमारतींत एका लांब व्हरांड्यावर सगळ्या खोल्या उघडतात आणि टोकाला एकच मोठे स्वयंपाकघर असते. हा फरक पुढे एका वर्गणीच्या हिशोबातही येतो. अर्जात एकाच प्रकारच्या खोलीचा आग्रह धरला की प्रतीक्षा वाढते, म्हणून पहिल्या वर्षापुरते पर्याय खुले ठेवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

वसतिगृहाच्या भाड्यात हीटिंग, पाणी, वीज आणि बहुधा इंटरनेटही धरलेले असते. अनामत रक्कम वेगळी द्यावी लागते; कायद्याने ती मूळ भाड्याच्या तीन महिन्यांच्या रकमेपेक्षा जास्त असू शकत नाही. खरी अडचण पैसे पोहोचवण्याची असते. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये सध्या वर्षाला 11,904 युरो ठेवावे लागतात आणि त्यातून महिन्याला 992 युरो मिळतात. पण हे पैसे तिथे पोहोचून खाते सुरू केल्यानंतरच हाती येतात, तर अनामत अनेकदा त्याआधीच मागितली जाते. ती पुण्यातील बँकेतून पाठवावी लागते. त्यासाठी पालकांचा पॅन क्रमांक, ए-2 अर्ज (परदेशी पैसे पाठवताना बँकेत भरायचा) आणि भाडेकराराची किंवा मागणीपत्राची प्रत तयार ठेवावी. मधल्या बँकांचे शुल्क पाठवणाऱ्याने सोसायचे, असा पर्याय निवडावा. नाहीतर वीस-तीस युरो कमी पोहोचतात आणि रक्कम अपुरी ठरते. व्यवहाराच्या तपशिलात विद्यार्थ्याचे नाव आणि करार क्रमांक लिहायला विसरू नये. पुढचे मासिक भाडे ‘सेपा’ या युरोपीय बँकांच्या पद्धतीने खात्यातून थेट वजा होते, त्यामुळे महिन्याच्या सुरुवातीला खात्यात शिल्लक असली पाहिजे.

करारावर सही करताना सामान्यतः पासपोर्टची प्रत, प्रवेशपत्र, विद्यापीठातील नोंदणीचा दाखला, अनामत भरल्याचा पुरावा आणि खात्यातून वजावटीचे संमतीपत्र लागते. नोंदणीचा दाखला आरोग्य विमा दाखवल्याशिवाय मिळत नाही, म्हणून विम्याचे काम निघण्याआधीच करून ठेवावे.

वसतिगृह वेळेत मिळाले नाही, तर सुट्टीवर गेलेल्या विद्यार्थ्याची खोली काही महिन्यांसाठी घेण्याची ‘त्स्विशनमीटे’ पद्धत उपयोगी पडते. मात्र मालकाची लेखी परवानगी आहे का आणि त्या पत्त्यावर नोंदणी करता येईल का, हे दोन प्रश्न पैसे देण्यापूर्वी विचारलेच पाहिजेत. ‘मी परदेशात आहे, पैसे पाठवा, किल्ली कुरियरने येईल’ असे सांगणाऱ्याला एक युरोही पाठवू नये.

किल्ली घेण्याचा दिवस

करार बहुधा महिन्याच्या 1 तारखेला सुरू होतो आणि किल्ली ‘हाउसमाइस्टर’ म्हणजे इमारतीचा व्यवस्थापक कामाच्या दिवशी, ठरलेल्या वेळेतच देतो. शनिवारी-रविवारी किंवा 3 ऑक्टोबरच्या राष्ट्रीय सुट्टीला पोहोचलेल्या विद्यार्थ्याला बॅगा घेऊन हॉटेल शोधावे लागते. तिकीट काढण्यापूर्वी व्यवस्थापकाला ईमेल करून वेळ ठरवावी.

ताबा घेताना खोलीच्या स्थितीची नोंद असलेला कागद भरून त्यावर दोघांच्या सह्या होतात. भिंतीवरचा ओरखडा, गादीवरचा डाग, न लागणारी खिडकी, सगळे त्यात लिहावे आणि तारखेसह छायाचित्रे काढून ठेवावीत. भिडेपोटी ‘चालेल’ म्हणून सही केली, तर तोच खर्च पुढे अनामतीतून कापला जातो. हिवाळ्यात खिडक्या दिवसभर बंद ठेवल्याने भिंतीला बुरशी धरते आणि तिची जबाबदारीही भाडेकरूवर येऊ शकते. थंडी कितीही असली तरी दिवसातून दोन-तीनदा काही मिनिटे खिडकी पूर्ण उघडावी. फोडणी देताना पंखा सुरू आणि स्वयंपाकघराचे दार बंद ठेवावे, कारण धुराचा इशारा देणारे यंत्र काही इमारतींत थेट अग्निशमन दलाशी जोडलेले असते.

पत्त्याची नोंदणी

राहायला आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंदणी म्हणजे ‘आनमेल्डुंग’ करणे कायद्याने बंधनकारक आहे. ती शहराच्या नागरिक कार्यालयात, म्हणजे ‘ब्युर्गरआम्ट’मध्ये होते. मोठ्या शहरांत वेळ मिळायला उशीर लागतो, म्हणून खोली नक्की होताच पुण्यातूनच ऑनलाइन वेळ घ्यावी आणि ती घेतल्याचा पुरावा जपून ठेवावा. सोबत व्हिसासह पासपोर्ट, भरलेला नोंदणी अर्ज आणि ‘वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग’ न्यावे. हा लांबलचक नावाचा कागद म्हणजे घरमालकाचा दाखला. त्यात मालकाचे नाव व पत्ता, खोलीचा पत्ता, राहायला आल्याची तारीख आणि राहणाऱ्याचे नाव असते. भाडेकराराची प्रत त्याऐवजी चालत नाही. हा दाखला देणे मालकावर बंधनकारक आहे, त्यामुळे किल्ली घेतानाच तो मागावा.

अर्जात नाव पासपोर्टप्रमाणेच लिहावे. आपल्या पासपोर्टमध्ये स्वतःच्या नावाला जोडून बहुधा वडिलांचेही नाव असते. ते एका कागदावर लिहायचे आणि दुसऱ्यावर गाळायचे, असे केले की पुढे बँक आणि विमा कंपनी दोघेही प्रश्न विचारतात. टपालपेटीवर आडनाव ठळक लावणे तितकेच गरजेचे आहे, कारण 11 अंकी करदाता क्रमांक टपालाने येतो आणि पेटीवर नाव नसेल तर पत्र परत जाते.

नोंदणीनंतर काही आठवड्यांत ‘रुंडफुंकबाइट्राग’ या सार्वजनिक रेडिओ-टीव्हीसाठीच्या प्रसारण वर्गणीचे पत्र येते. ते फसवणुकीचे नाही, ते फेकून देऊ नये. एका घरामागे महिन्याला 18.36 युरो अशी ही वर्गणी आहे. सामायिक घरात एकाने भरून इतरांनी आपला वाटा त्याला द्यायचा असतो. पण सर्वांना खुल्या असलेल्या व्हरांड्यावर उघडणारी वसतिगृहाची खोली स्वतंत्र घर धरली जाते आणि तिची पूर्ण वर्गणी एकट्याला भरावी लागते.

व्हिसाची मुदत संपण्याआधी परदेशी नागरिक कार्यालयात निवास परवान्याचा अर्ज करावा लागतो. त्यासाठी पासपोर्ट, छायाचित्र, विद्यापीठाचा आणि विम्याचा दाखला, आर्थिक तरतुदीचा पुरावा, भाडेकरार आणि पत्ता नोंदणीचे प्रमाणपत्र मागितले जाते. या कार्यालयातही वेळ लवकर मिळत नाही, म्हणून पत्त्याची नोंदणी झाली की त्याच आठवड्यात अर्ज करावा.

खोली सोडताना करारातील मुदतीप्रमाणे लेखी नोटीस द्यावी. त्याच देशात दुसरीकडे राहायला गेल्यास नव्या पत्त्यावर पुन्हा दोन आठवड्यांत नोंदणी करावी. कायमचे परतायचे असेल, तर जाण्याच्या आठवडाभर आधीपासून ते गेल्यानंतर दोन आठवड्यांपर्यंत नोंदणी रद्द करता येते. अनामत परत यायला काही महिने लागू शकतात, म्हणून पुण्याला परतल्यावरही तिथले बँक खाते लगेच बंद करू नये आणि व्यवस्थापनाकडे चालू ईमेल पत्ता देऊन ठेवावा.